सध्याची प्रकृती

केरी, ता. पेडणे
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांस सेजलचा नमस्कार.

चतुर्थी आटोपून घाईने निघाले. मामीने बांधून दिलेल्या नेवऱ्या पेडण्याला पोचेपर्यंत निम्म्या संपल्या होत्या, हे तिला सांगू नका. कबूल केल्याप्रमाणे पत्र लिहिते आहे. फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर अक्षरे सरकली की तुमचे डोके फिरते, तेव्हा पोस्टमनला कामाला लावणे आले.

नोकरीचे नीट सांगायचे राहून गेले. ज्यांना सरकारकडून दरमहा आधार मिळतो, म्हणजे म्हातारी माणसे, विधवा, अपंग, त्यांच्या घरी जाऊन पडताळणीचा अर्ज भरायचा. नोकरी सरकारी नाही, एका कंत्राटदाराची आहे, मार्चपर्यंत. मेलेल्यांच्या नावावर पैसे जातात, बरे झालेले घेत राहतात, अशी ओरड आहे म्हणे. खऱ्या माणसांचा आधार टिकवायचा असेल तर हे केलेच पाहिजे, असे आमचे साहेब पहिल्या दिवशी म्हणाले. मला ते पटले.

अर्जात नववा रकाना आहे, ‘सध्याची प्रकृती’. तिथे एकच ओळ आहे, आणि ती त्या माणसाच्याच शब्दांत लिहायची. आई आजारी होती तेव्हा मी तुमच्याकडे होते, तुम्ही श्रुतलेखन घालायचात आणि म्हणायचात, ऐकलेस तेच लिही, पदरचे घालू नकोस. मी तेच करते. माझ्याबरोबरचा स्वप्नील मात्र हॉटेलात चहा पीत बसतो आणि सगळ्यांच्या नवव्या रकान्यात ‘आजारी’ असे लिहून मोकळा होतो. मी त्याला बोलले. तो म्हणाला, “तू इन्स्पेक्टर काय गो?” साहेबांनी सर्वांसमोर माझे अर्ज दाखवले, असे भरा म्हणून. मला लाज वाटली आणि बरेही वाटले.

काल चंद्रावती नावाच्या म्हातारीकडे गेले. खुब्याचे हाड मोडून पाच वर्षे झाली. ती पाय पसरून सुके बांगडे निवडत होती, आणि उठायचे झाले की खांबाला दोरी बांधलेली आहे ती धरते. मी विचारले, “कशी आसा गे आजी?” म्हणाली, “बरी आसां बाय. देवान दिलां तितलें बरें.” मी लिहिले, ‘बरी आहे’. घरी येताना उगीच रुखरुख लागली, पण तिने म्हटले तेच तर लिहिले.

तुमची चक्कर कशी आहे? तुमच्याकडेही डिचोलीहून कोणी येईल. अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका.

तुमची,
सेजल


कारापूर
१९ सप्टेंबर

चि. सेजल हिला मामा-मामीचे आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच्या आदल्याच दिवशी पडताळणीवाली मुलगी येऊन गेली. तेव्हा तुझा सल्ला एक दिवस शिळा. नेवऱ्यांचे मामीला कळले. मीच वाचून दाखवले.

मुलगी चांगली होती, तुझ्याच वयाची, भिजून आली होती. मामीने मला आधीच धुतलेला सदरा घालून सोप्यावर बसवले होते, सरकारी माणूस येणार म्हणून. जणू मला बघायलाच आले होते. आता माझी अडचण तुला माहीत आहे. खाणीवरच्या चाळणीने एकवीस वर्षांत कान नेले ते नेलेच, पण समोरचा माणूस ओठ दाखवील तर मी निम्मे ओळखतो. ही मुलगी कागदाकडे बघून विचारत होती. मला दिसला तो फक्त तिचा भांग.

मी विचार केला, दारात आलेले माणूस पहिले काय विचारणार? म्हटले, “बरो आसां, बाय.” तिने लिहिले. आणखी काही विचारले. मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा हसलो. मामी पाठीमागे चहा आणि उंडो-पाव घेऊन उभी, तिने भर घातली, “देवाच्या दयेन सगळें बरें आसा.” तिचे तुला ठाऊकच आहे. घरात वाईट बोललेले तिला चालत नाही, वास्तू तथास्तु म्हणते. गेल्या वर्षी मी न्हाणीत आपटलो तेव्हाही ‘पाय निसटला’ एवढेच म्हणायची परवानगी मिळाली, ‘पडलो’ म्हणायची नाही.

मुलीने सही घेतली आणि उंडो खाऊन गेली. चक्कर आहे तशी आहे. बसलो की मी राजा. उभा राहिलो की कारापूर माझ्याभोवती प्रदक्षिणा घालते.

स्वप्नीलला बोललीस ते योग्य केलेस. खोटे ते खोटेच.

तुझा,
सगुणमामा


केरी
९ ऑक्टोबर

तीर्थरूप मामांस नमस्कार.

घाईत लिहिते. त्या मुलीने नवव्या रकान्यात नेमके काय लिहिले ते तुम्ही पाहिलेत का? तिला तुम्ही चक्करीबद्दल एक शब्दही बोलला नाहीत का? ऑक्टोबरचा आधार बँकेत जमा झाला का, मामीला पासबुक छापून आणायला सांगा. घरी काही नोटीस आली असेल तर तारीख कळवा, पाकीटही टाकू नका.

काळजीचे काही नाही. सहज विचारते आहे.

सेजल


कारापूर
१५ ऑक्टोबर

चि. सेजल हिला आशीर्वाद.

‘सहज’ विचारतेस आणि अक्षर उजवीकडे कलले आहे. पाच वर्षांची असल्यापासून तू घाबरलीस की अक्षर असेच पळायला लागते. काय लपवतेस?

आधार जमा झालेला नाही. मामी दोनदा डिचोलीला जाऊन आली. बँकवाला म्हणाला, वरूनच आलेला नाही. दिवाळी तोंडावर आहे, सरकारी माणसेही फराळाच्या नादात असतील. नोटीस आलेली नाही. त्या मुलीने काय लिहिले ते मी वाचले नाही. पोरगी भिजलेली होती, तिला कुठे ताटकळत ठेवायची.

वाड्यावरची पोरे नरकासुराचा पुतळा करताहेत, रात्रभर ढोल आणि गाणी. मला म्हणाली, काका, आवाजाचा त्रास होईल. म्हटले, वाजवा रे.

सगुणमामा

सेजल बाय, हे मी विमलामामी खाली लिहिते. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून. ते सांगणार नाहीत. चक्करीची गोळी अर्धी मोडून घेतात, संपली तर पुढची आणायची कशी म्हणून. परवा परसात माडाला धरून उभे होते, माझे वर्तमानपत्र वाचून झाले तरी तिथेच. माझ्या शिवणाच्या मशीनवर आता पूर्वीसारखे काम येत नाही. तू कोणाला सांगून बघ.


केरी
२४ ऑक्टोबर

तीर्थरूप मामांस आणि मामीस नमस्कार.

होय, लपवत होते. आता लिहिते. नीट लिहायचा प्रयत्न करते, पण अक्षर कलेल.

आम्ही भरलेले अर्ज संगणकात जातात. नवव्या रकान्यातली ओळ कोणी माणूस वाचत नाही. बरा, बरी, बरे, यांतला शब्द दिसला की पुढे आपोआप ‘प्रकृतीत सुधारणा’ असा शिक्का पडतो आणि आधार थांबतो. मी साहेबांच्या टेबलावर थांबवलेल्यांची यादी पाहिली. मी एकशे चाळीस अर्ज भरले होते. त्यांतली एकशे बारा नावे त्या यादीत आहेत. चंद्रावतीचे अकरावे आहे. स्वप्नीलच्या माणसांतले एकही नाव नाही. त्याने सगळ्यांना ‘आजारी’ लिहिले होते ना, त्यांचा आधार चालू आहे. आणि त्यातले एक गृहस्थ रोज सकाळी किनाऱ्यावर धावतात, मी स्वतः पाहिले आहे.

त्याच यादीत डिचोलीच्या पानावर तुमचे नाव आहे.

मी साहेबांना म्हटले, आमच्याकडे माणूस शेवटच्या श्वासापर्यंत ‘बरें आसा’ म्हणतो, त्याचा अर्थ दुखणे गेले असा होत नाही. ते म्हणाले, “बाय, त्यांचे शब्द, त्यांची सही. तूच सगळ्यांत चोख भरलेस.” मग म्हणाले, नोटिशीच्या तारखेपासून तीस दिवसांत प्रत्येकाने अपील करावे, सोबत वैद्यकीय मंडळाचा नवा दाखला जोडावा. मंडळासमोर माणसाने स्वतः जायचे. चंद्रावती खांबाच्या दोरीपर्यंत जाते, मामा. म्हापशापर्यंत कशी जाईल?

मी लेखी देणार आहे की माझे एकशे बारा अर्ज चुकीचे आहेत आणि पुन्हा भरावेत. साहेब म्हणतात, तसे दिलेस तर खोटे अर्ज भरले असे तूच कबूल केल्यासारखे होईल, कंत्राट रद्द होईल. पण ते खोटे नव्हते. चुकीचे होते आणि खोटे नव्हते, हे कागदावर कसे लिहायचे ते मला तीन दिवस सुचत नाही.

तुमची नोटीस १७ तारखेची आहे असे कार्यालयात कळले, म्हणजे १६ नोव्हेंबरपर्यंत मुदत. मंडळाची तारीख तातडीने घ्या. अपील मी लिहून पाठवते.

सेजल


कारापूर
३० ऑक्टोबर

चि. सेजल हिला आशीर्वाद.

नोटीस आली. तीन ओळींची आहे. ‘आपल्या निवेदनानुसार आपली प्रकृती सुधारल्याचे आढळून आले.’ मामीने देवापुढे ठेवली. मी म्हटले, साखर वाटतेस की काय?

तू स्वतःला दोष देऊ नकोस. आपण ‘बरा’ म्हणतो म्हणजे काय म्हणतो? तुम्ही चौकशी केलीत, ती पोचली. दारात आलेल्याला गूळ-पाणी द्यावे तसा तो शब्द द्यायचा. माझ्या वडिलांनी जाण्याच्या आदल्या दिवशी वैद्याला तेच सांगितले होते. वैद्य मात्र नाडी धरून बसायचा, तोंडाकडे बघायचाही नाही.

अपिलात काय लिहायचे ते तू सुचवतेस: मी काम करू शकत नाही, दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू शकत नाही, बायकोच्या शिवणावर जगतो. सगळे खरे आहे. लिहायला बसलो तर हात चालेना. मामी शेजारी होती म्हणून सोप्यावर गेलो, तिथे जमेना, शेवटी फाटकाबाहेर रस्त्यावर दगडावर बसून लिहिले. घराबाहेर लिहिलेले घराला लागत नाही, असे मामीचे समाधान.

मंडळाची तारीख ११ नोव्हेंबर मिळाली. तू येऊ नकोस. मामी बरोबर आहे, आणि तुझ्या केरीच्या माणसांना तुझ्याशिवाय कोणी नाही. लेखी जरूर दे. नोकरी गेली तर घरी ये.

सगुणमामा


केरी
४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांस नमस्कार.

लेखी दिले. अकरा तारखेलाच मला पणजीला बोलावले आहे, एकशे बारा अर्ज घेऊन. तीच तारीख. मी दोन रात्री विचार केला. तुम्ही येऊ नको म्हणालात ते मनापासून म्हणालात असे मी धरते. चुकत असेन तर मामीने माझ्या क्रमांकावर नुसता मिस कॉल द्यावा, मी सगळे सोडून येईन.

हे लक्षात ठेवा: जुना दाखला, आधारकार्ड, नोटीस, तिन्हींच्या दोन दोन झेरॉक्स. दारावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की ऐकू येत नाही. आत डॉक्टर विचारतील कसे आहात. मामा, तिथे ‘बरो आसां’ म्हणू नका. ते घर नाही, तिथे वास्तू नाही. वाटल्यास काहीच बोलू नका, उभे राहून दाखवा.

सेजल


कारापूर
१४ नोव्हेंबर

चि. सेजल हिला आशीर्वाद.

काम झाले. मंडळासमोर सर्व व्यवस्थित पार पडले. दाखला परस्पर कार्यालयात जाईल, अपिलाची आता गरज नाही असे तिथल्या माणसाने सांगितले. आधार पुढच्या महिन्यापासून चालू होईल. तेव्हा माझी काळजी सोड आणि केरीच्या कामाकडे लक्ष दे. मामी मजेत आहे.

सगुणमामा


केरी
२१ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांस नमस्कार.

तुमचे पत्र चार वेळा वाचले. मी समुद्रावर जाऊन आले, इथे आल्यापासून पहिल्यांदाच कामाशिवाय. इतकी नीटनेटकी बातमी या सगळ्या प्रकारात मला प्रथमच मिळाली.

पणजीला पाच जण टेबलाच्या पलीकडे होते. एक बाई म्हणाल्या, “म्हणजे लोक तुमच्याशी खोटे बोलले?” मी म्हटले, नाही, ते सभ्यपणे बोलले. त्यांनी ते लिहून घेतले नाही. शेवटी एकशे बारांपैकी तीसच अर्ज पुन्हा भरायची परवानगी दिली, सत्तरीच्या वरच्यांचे. बाकीच्यांनी आपापले अपील करावे. माझे कंत्राट ३० नोव्हेंबरला संपते. स्वप्नीलचे वाढवले. त्याच्या अर्जांवर एकही तक्रार नाही, म्हणून.

चंद्रावती तिसांत बसली. काल तिच्याकडे गेले.

“आजी, ह्या खेपेक दुखता तें सांग.”

“सांगल्यार दुखणें वचत?”

“वचचें ना, पूण तुजो आधार येतलो.”

“आनी आयकून शेजारीण हांसतली तें?”

“कोण हांसता गे?”

“तुका खबर ना. तिचो घोव बरो आसा म्हणून तिका ताठो आयला.”

अर्धा तास असेच चालले. तिच्या तोंडून ‘दुखता’ हा शब्द निघेना. मग मी तिला म्हटले, आजी, मला पाणी दे. ती दोरी धरून उठली, दोनदा खाली बसली, तिसऱ्यांदा उभी राहिली, घागरीपर्यंत भिंतीला हात लावत गेली. मी घड्याळ लावले होते. परत यायला तिला नऊ मिनिटे लागली, आणि तांब्यातले अर्धे पाणी सांडले होते. मी ते सगळे लिहिले. तिला तसे चालायला लावले याची मला अजून शरम वाटते. पण ऐकले ते लिहू नये, पाहिले ते लिहावे, हे मला आता कळले आहे. तुमचे काम झाले नसते तर इतके धैर्य आले नसते.

सेजल


कारापूर
१२ डिसेंबर

सेजल बाय हिला मामीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुका असतील त्या सावर. त्यांनी मला देवाची शपथ घातली होती म्हणून इतके दिवस लिहिले नाही. आता शपथ मोडते, माझे काय व्हायचे ते होवो.

अकरा तारखेला मंडळाकडे काम झाले नाही. आम्ही सकाळी साडेसातला जाऊन बसलो. दारावरच्या माणसाला मी सांगितले होते, हे ऐकत नाहीत, हात लावून सांग. तो बरा होता, हो म्हणाला. पण जेवणानंतर तो गेला आणि दुसरा आला. मी नोटिशीची झेरॉक्स राहिली होती ती काढायला खाली गेले होते. त्याने दारातून नाव पुकारले. तीनदा पुकारले म्हणे. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी वर आले तर गैरहजर लावून झाले होते. मी भांडले. म्हणाला, “मावशे, आयकूंक येना तर हाकेक जाप कोणें दिवपाची?” मी म्हटले, अरे पुता, त्याचाच तर दाखला मागायला आलो. पुढची तारीख फेब्रुवारीतली दिली.

बसमध्ये हे हसत होते. बहिऱ्यांची तपासणी आणि हाका मारून बोलावतात, म्हणाले. घरी आल्यावर तुला ते पत्र लिहिले. म्हणाले, तिला खरे सांगितले तर ती केरीचे सोडून इथे येऊन बसेल, त्या म्हातारीचे काय? मीही गप्प बसले. माझी पण चूक.

पुढचे सांगते. खाण पुन्हा चालू झाली, रस्त्याला मातीचे ट्रक लागले. नाक्यावर बावटा दाखवायला माणूस हवा होता, लाल आणि हिरवा. कंत्राटदार म्हणाला, तुमच्या अंगात त्राण आहे याचा काही कागद आहे? यांनी ती नोटीस दाखवली. प्रकृती सुधारली म्हणून लिहिलेली. तो कागद त्याला पुरला. मला सांगितले की सावलीत बसून काम आहे. सावलीत नव्हते बाय, उभे राहून होते. आठ दिवस जाऊन आले. घरी आले की अंथरुणाला धरून झोपायचे, पडू नये म्हणून.

मंगळवारी सकाळी उभ्या उभ्या चक्कर आली. ट्रक मागून येत होता, भोंगा वाजवत होता. यांना कुठला भोंगा. ड्रायव्हरने वळवला म्हणून वाचले. गटारात पडले, उजव्या खांद्याचे हाड आणि मनगट मोडले. प्लास्टर बोटांपर्यंत आहे. पडले हे मी लिहिले, लिहू दे.

आता त्यांना लिहिता येत नाही. बोलतात कमी. मी बोललेले ऐकू येत नाही आणि ओठांकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. पूर्वी मी काही सांगितले की पाटीवर उलट चिडवून लिहायचे. घर फार शांत झाले आहे. मला आता कळते की ते बहिरे होते तरी घरात आवाज त्यांचाच होता.

तू रागावू नको. आणि ये.

तुझी मामी,
विमला


केरी
१८ डिसेंबर

तीर्थरूप मामांस आणि मामीस नमस्कार.

मामी, हे पत्र त्यांच्यासमोर धरा, पाने तुम्ही उलटा. उद्या पोस्टाला सुट्टी, म्हणून बसवाल्याच्या हाती पाठवते आहे.

मंगळवारी तुमचे पत्र मिळाले. मी बुधवारी डिचोलीला आणि आज पणजीला जाऊन आले. मुद्दाम घरी आले नाही. काही हाती घेऊन यावे असे वाटले. हाती जे आले ते लिहिते.

अपिलाची मुदत १६ नोव्हेंबरला संपली. ती वाढत नाही. मामा, तुमचे पत्र चौदाचे होते आणि मला अठराला मिळाले, म्हणजे मी त्यावर विश्वास ठेवला नसता तरी उशीरच झाला असता. हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही, तारखा तपासून लिहिते आहे. मी तुमच्यावर रागावले आहे. तेही खरे आहे.

आता नवा अर्ज करायचा. तिथे दुसरी अडचण निघाली. कंत्राटदाराने तुमचे नाव हजेरीत लावले होते, आठ दिवसांसाठी, आणि ते वरपर्यंत पोचले आहे. खिडकीवरचा माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, “हांगा तर कामाक आसा म्हणून दिसता.” मी म्हटले, कामावर जाऊन मोडून पडले आहेत. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, कंत्राटदाराकडून काम सुटल्याचे पत्र आणा. मी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. तो म्हणतो, असा माणूस आमच्याकडे नव्हताच. हजेरीत आहात आणि कामावर नव्हता. दोन्ही कागद एकाच वेळी खरे आहेत.

शेवटी त्या माणसाने अर्ज घ्यायचे कबूल केले, फेब्रुवारीत मंडळ काय म्हणते त्यावर पुढचे. त्यानंतर रांग. किती महिने, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चंद्रावतीचा अर्जही त्याच रांगेत आहे. तिने काल मला बांगडे बांधून दिले. तिला वाटते काम झाले.

नवा अर्ज मी भरला आहे. नवव्या रकान्यात जे आहे ते लिहिले, अक्षर बारीक करून दोन ओळी बसवल्या. सही मात्र अर्जदाराचीच हवी. मी सांगितले, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून परत येते, असे तो म्हणाला, पुष्कळांची आली आहे. मग अंगठा चालेल का? चालतो. पण अंगठा घ्यायचा असेल तर तिसऱ्या रकान्यात ‘निरक्षर’ पुढे खूण करावी लागते. खूण नसेल तर संगणक अंगठा घेत नाही.

मी त्याला म्हटले, ते निरक्षर नाहीत. तो म्हणाला, “हांवें कितें करूं बाय? दोनूच खणां आसात.”

मी बाहेर बाकावर बसले. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली, पुन्हा उघडली. उद्या गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, मग शनिवार-रविवार. आज अर्ज तपासून घेतला नसता तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

मामा, मी खूण केली आहे. निळ्या शाईने, चौकटीच्या बाहेर न जाता. त्याने पाहिले आणि ‘बरोबर’ म्हणून शिक्का मारला.

शनिवारी पहिल्या बसने येते. शाईचा पॅड माझ्याजवळ आहे. तुम्ही छताकडे बघत राहिलात तरी चालेल, डावा हात तेवढा माझ्याकडे द्या.

सेजल